घरातली करथकबाकी आणि विश्वासाचा माणूस

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी त्रैराशिक शिकलो, त्याच शाळेने मला आज बोलण्यासाठी बोलाविले, याचा आनंद आहे. चिटणीस साहेबांनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हणालो, थकलेल्या आयकराविषयी बोलेन. ते क्षणभर गप्प राहिले. पालकांच्या मेळाव्यात तालीम, शिस्त, मोबाईलचे दुष्परिणाम अशा विषयांवर बोलण्याची पद्धत आहे. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या ओळखीच्या तीन घरांत मुलांच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे कराच्या थकबाकीपायी गेले, किंवा जाता जाता वाचले. त्यातले एक घर माझ्या सख्ख्या बहिणीचे आहे. म्हणून हा विषय मला शाळेबाहेरचा वाटत नाही.

बहिणीच्या घरची हकीकत तिच्या आणि माझ्या मेहुण्यांच्या परवानगीने सांगतो. मेहुणे कुवेतला अठरा वर्षे होते. २०१६ साली कायमचे परत आले आणि तालुक्याच्या गावी विजेच्या सामानाचे दुकान टाकले. परदेशात असताना साठविलेले सुमारे तीस लाख रुपये बँकेत एन.आर.ई. खात्याच्या मुदत ठेवींत होते. परदेशी राहणाऱ्या माणसाला त्या ठेवींच्या व्याजावर आपल्याकडे आयकर लागत नाही. परंतु माणूस कायमचा परत आला की बँकेला तसे कळवून खाते साधे करून घ्यावे लागते आणि तेव्हापासून व्याज करपात्र होते. मेहुण्यांनी बँकेला कळविले नाही. बँकेने आपणहून विचारले नाही. आणि मी, ज्याने पस्तीस वर्षे बँकेत नोकरी केली, त्यानेही कधी विचारले नाही. दर ईदला त्यांच्या घरी जेवलो, पण हा एक प्रश्न विचारला नाही.

आणखी एक गोष्ट होती. मेहुणे ते व्याज आपले मानीतच नव्हते. जेवढे जमा होई, तेवढे काढून ते गोरगरिबांना देऊन टाकीत. आपल्यातील पुष्कळ घरांत असे केले जाते. त्यातील दीनी बाजू उलेमांकडे विचारावी, तो माझा अधिकार नाही. परंतु आयकराचा कायदा, ते पैसे तुम्ही स्वतःसाठी वापरलेत की नाही, हे पाहत नाही. तुमच्या नावावर व्याज जमा झाले, एवढे त्याला पुरते. मेहुण्यांची समजूत अशी की जे आपण खाल्ले नाही, त्यावर कर कसला? त्यांनी ते कोणापासून लपविले नव्हते. सांगण्यासारखे काही आहे, हेच त्यांना वाटले नव्हते.

२०१९ च्या जुलैमध्ये त्यांनी मला विचारले, “भाई, रिटर्न भरायचे आहे, कोणाकडे जाऊ?” मी एका माणसाचे नाव सांगितले. तो आमच्या शाखेजवळ एका टपरीवजा खोलीत बसे. मला पाहिले की सलाम करी, चहा मागवी. तो काय शिकला आहे, त्याची नोंद कोठे आहे, याची चौकशी मी केली नव्हती. ओळख होती, एवढेच. आज तुमच्यासमोर उभे राहून हे सांगताना मला संकोच वाटतो, पण विषयाचे मूळ इथेच आहे. करतज्ज्ञ निवडताना आपण जे निकष लावतो, ते पुष्कळदा दुकानातून साखर घेताना लावतो त्याहूनही हलके असतात.

त्या माणसाने तीन हजार रुपये घेतले. दुकानाचे उत्पन्न साडेतीन लाख दाखविले, व्याजाची चौकशी केली नाही आणि मेहुण्यांनी नावही न ऐकलेल्या एका संस्थेला मोठी देणगी दिल्याचे दाखवून कर शून्यावर आणला. मेहुणे खूष झाले. मीही झालो. कर शून्य कसा आला, हे आम्ही दोघांनीही विचारले नाही.

आता हिशेब ऐका. त्या आर्थिक वर्षी व्याज होते सुमारे दोन लाख दहा हजार. दुकानाचे उत्पन्न धरून एकूण पाच लाख साठ हजार. त्या वर्षीच्या दराने त्यावर कर येत होता २५,४८० रुपये. वेळेवर भरले असते तर विषय तिथेच संपत होता. एवढ्या रकमेसाठी कोणी कर्ज काढत नाही.

२०२३ च्या मार्चमध्ये खात्याकडून पहिली नोटीस निघाली. ती ईमेलने गेली. आयकराच्या संकेतस्थळावर मेहुण्यांच्या नावापुढे ईमेल आणि मोबाईल नंबर त्या माणसाचा होता, पासवर्डही त्याच्याचजवळ. काही कागद टपालाने घरी आले. मेहुणे ते घेऊन त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, “काळजी करू नका, साहेबांशी ओळख आहे, फाईल बंद करून टाकू.” पंधरा हजार रुपये घेतले, रोख, पावती नाही. नोटिशीला उत्तर मात्र एकही गेले नाही. त्यानंतर आलेले कागद मेहुणे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकू लागले. घरात कोणाला सांगितले नाही. पुरुष माणूस कर्ज एक वेळ सांगेल, पण सरकारी नोटीस आली हे सांगणार नाही. त्याला त्यात बेइज्जती वाटते.

डबा उघडला तो माझ्या भाचीने. ही मुलगी याच शाळेत शिकलेली. एप्रिल २०२४ मध्ये प्रवेशपरीक्षेच्या अर्जासाठी तिला बापाच्या आधार कार्डाची प्रत हवी होती, ती शोधताना हे कागद निघाले. सर्वात वर होता तो मार्च अखेरचा आदेश. मागणी सुमारे साठ हजारांची, आणि सोबत दंड का लावू नये याची वेगळी नोटीस. मेहुण्यांचे त्या माणसाशी आधीच बोलणे झाले होते. अपील करावे लागेल, त्याचे वीस हजार रुपये, म्हणून. ते वीस हजार कपाटात तयार होते. ते भाचीच्या फीचे होते.

मुलीने मला फोन केला. म्हणाली, “मामू, अपिलाची सरकारी फी एक हजार रुपये लिहिली आहे, मग वीस हजार कशाचे?” ती फी तिने स्वतः शोधून काढली होती. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

त्या माणसाला मी फोन केला, तेव्हा तो माझ्याशीही तसाच गोड बोलला. अपील करण्याची मुदत आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांची असते. त्यातले आठ दिवस गेले होते.

आता नवा माणूस शोधायचा होता आणि माझ्या शिफारशीवर कोणाचा विश्वास उरला नव्हता. योग्यच होते. भाचीने आपल्या कॉलेजातील कॉमर्सच्या प्राध्यापकांना विचारले, त्यांनी तीन नावे दिली. आम्ही दोघांकडे गेलो. पहिल्याने कागद न उघडताच सांगितले, “होऊन जाईल.” दुसऱ्या एक सनदी लेखापाल बाई होत्या. त्यांनी अर्धा तास कागद वाचले, मध्ये एकदाही आमच्याकडे पाहिले नाही. मग म्हणाल्या, “यातला बराचसा कर तुम्ही खरोखर देणे लागता. तो मी कमी करून देणार नाही. पण आकडा मला बरोबर वाटत नाही. बँकेकडून प्रत्येक ठेवीचा दाखला आणा, मग बोलू.” फी किती, असे मेहुण्यांनी विचारले, तर म्हणाल्या, कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी एका कागदावर काम कोणते आणि फी किती हे लिहून दिले. मला वाटते, मेहुण्यांना त्या दिवशी पहिल्यांदा धीर आला. देणे लागता, असे कोणीतरी स्पष्ट सांगितले म्हणून.

बँकेचे दाखले आले तेव्हा दिसले की नूतनीकरण झालेल्या एका ठेवीचे व्याज, सुमारे बावन्न हजार, खात्याच्या हिशेबात दोनदा धरले गेले होते. बाईंनी मुदतीत अपील दाखल केले आणि चूक दुरुस्त करण्याचा अर्जही दिला. तोवर वसुली थांबावी म्हणून मागणीच्या वीस टक्के रक्कम, सुमारे बारा हजार, भरून तसा अर्ज केला. खात्याचे तसे धोरणच आहे, त्यासाठी कोणाची ओळख लागत नाही. जवळजवळ एक वर्षाने दुरुस्ती मंजूर झाली आणि मागणी व्याजासह बेचाळीस हजारांच्या आसपास आली. ती भरली. खोट्या देणगीबद्दल दंडही बसला. तो किती, हे सांगायला मेहुण्यांनी मला मनाई केली आहे. ज्या नंतरच्या वर्षांची मुदत शिल्लक होती, त्यांची अद्ययावत विवरणपत्रे स्वतःहून भरली. २०२२ पासून ही सोय आहे. राहिलेले उत्पन्न आपणहून दाखवायचे आणि कर व व्याजावर जादा रक्कम भरायची, पहिल्या वर्षात पंचवीस टक्के, दुसऱ्यात पन्नास. २०२५ मध्ये मुदत चार वर्षांपर्यंत वाढली, पण तिसऱ्या वर्षी जादा रक्कम साठ आणि चौथ्या वर्षी सत्तर टक्के. म्हणजे उशीर जितका जास्त, तितका भार जास्त. कर कमी करून घेण्यासाठी किंवा परतावा वाढविण्यासाठी मात्र ही सोय वापरता येत नाही, आणि कोणी तसे सांगत असेल तर तेथून उठावे.

बंधु-भगिनींनो, या सगळ्या प्रकारात मी जे पाहिले, त्यातून विश्वासाचा माणूस कसा ओळखावा याबद्दल माझे काही मत झाले आहे. मी करतज्ज्ञ नाही, त्यामुळे कायद्याचा सल्ला मी देणार नाही.

तज्ज्ञ म्हणजे सनदी लेखापालच हवा, असे नाही. वकील चालतात, आयकर व्यावसायिक म्हणून नोंद असलेले पदवीधर चालतात, आणि तालुक्याच्या गावी असे काही फार नेक आणि जाणकार लोक मी पाहिले आहेत. पण तो कोण आहे, हे विचारायला लाजू नये. सनदी लेखापालाला सदस्य क्रमांक असतो आणि त्यांच्या संस्थेकडे त्याची खात्री करता येते. तक्रारही तेथे करता येते, शिस्तभंगाची चौकशी होते. आमचा तो टपरीवाला कोठेच नोंदलेला नव्हता, त्यामुळे तक्रार कोठे करावी हाही प्रश्नच होता. पंधरा हजार बुडाले. पोलिसांत जायला मेहुणे तयार झाले नाहीत आणि पावती नसल्यामुळे मीही आग्रह धरला नाही. पुढे त्याने खोली बदलली.

फीविषयी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. “परतावा मिळवून देतो, त्यातले अमुक टक्के मला,” असे जो म्हणतो, त्याला खोटी वजावट दाखविण्यात फायदा आहे. सनदी लेखापालाला तर, काही मोजके अपवाद सोडता, अशा टक्केवारीवर फी घेणे त्याच्या व्यवसायाच्या नियमांनी मना आहे. परतावा त्याच्या खिशात जातो आणि दोन वर्षांनी नोटीस तुमच्या दारात येते. चुकीची माहिती देऊन कर बुडविला असे ठरले तर दंड बुडविलेल्या कराच्या दुप्पट असू शकतो. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने अशा खोट्या वजावटी करून देणाऱ्यांवर देशभर तपासणीची मोहीम काढली. त्या आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपली विवरणपत्रे सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचे खात्याने जाहीर केले. यातील पुष्कळसे साधे नोकरदार असावेत, असा माझा अंदाज आहे. मेहुण्यांसारखेच, “तो माणूस करून देतो” म्हणणारे.

देणगीचा विषय निघाला म्हणून आपल्या घरचेही बोलतो. आपल्या संस्थेच्या खजिनदारांकडे मार्च महिन्यात काही लोक येतात आणि मागील तारखेची, फुगविलेल्या रकमेची पावती मागतात. खजिनदार साहेब नाही म्हणतात, आणि त्यामुळे काही जणांशी त्यांचे बोलणे बंद आहे. त्यांचे नाही म्हणणे बरोबर आहे. २०२१-२२ पासून करसवलतीची देणगी घेणाऱ्या संस्थेला प्रत्येक देणगीदाराचे विवरण खात्याला कळवावे लागते. खोटी पावती मागणारा माणूस स्वतःबरोबर शाळाही बुडवील.

“साहेबांशी ओळख आहे,” हे वाक्य पूर्वी पुष्कळ चालत असे. पण २०१९-२० पासून आयकराच्या बहुतेक चौकशा चेहराविरहित पद्धतीने चालतात. फाईल कोणत्या शहरातील कोणत्या अधिकाऱ्यापुढे आहे, हे तुम्हालाही कळत नाही आणि त्या एजंटालाही नाही. मग तो ओळख कोणाची सांगतो? तसेच १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या प्रत्येक पत्रावर एक दस्तऐवज क्रमांक असतो, आणि ते पत्र खरे की बनावट हे संकेतस्थळावर पासवर्डशिवायही तपासता येते. नोटीस आली की आधी ते करावे.

आमच्या शेजारच्या एका विधवा बाईंची गोष्ट थोडक्यात सांगतो. त्यांच्या मरहूम पतीच्या नावावर २०१२-१३ या आकारणी वर्षाची ६,२०० रुपयांची जुनी मागणी दिसत होती. एकाने ती मिटविण्याचे आठ हजार मागितले. वस्तुतः १ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात अशा छोट्या जुन्या मागण्या सरकारने सोडून दिल्या होत्या. २०१०-११ पर्यंतच्या पंचवीस हजारांपर्यंत आणि २०११-१२ ते २०१५-१६ पर्यंतच्या दहा हजारांपर्यंत, प्रत्येकी एकूण एक लाखाच्या मर्यादेत. त्यासाठी अर्जही लागत नव्हता. बाईंनी आठ हजार दिले नाहीत, कारण त्यांच्याजवळ नव्हतेच. आता १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला आहे, १ एप्रिल २०२६ पासूनचा. यावरूनही कोणी सांगेल की जुने सगळे माफ झाले, किंवा जुने सगळे आता तुरुंगात नेईल. दोन्ही खोटे आहे. जुन्या वर्षांची थकबाकी जुन्या कायद्याप्रमाणेच चालते.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटी तुमच्याशी बोलतो. इंग्रजीतली पत्रे घरात तुम्ही वाचता. बापाच्या मोबाईलवर आलेला ओटीपी तुम्ही सांगता. कधी कधी काय होते आहे हे न विचारता सांगता. आज घरी गेल्यावर अब्बांना विचारा, आयकराच्या संकेतस्थळावर आपला मोबाईल आणि ईमेल कोणाचा आहे. दुसऱ्याचा असेल तर बदलून घ्या आणि पासवर्ड नवा करा. काम करणाऱ्या तज्ज्ञाला त्याच्या स्वतःच्या नोंदणीतून तुमचे काम करता येते, त्यासाठी तुमचे सारे काही त्याच्या ताब्यात असण्याची गरज नसते. विवरणपत्राची पोच घरी ठेवा. कर भरायचा तो आपल्या बँकेतून चलनाने, त्याच्या खात्यात नव्हे. आणि विवरणपत्र पाठविण्यापूर्वी एकदा वाचून पाहा. उत्पन्न, वजावट, कर, एवढे तीन आकडे कळले तरी पुष्कळ झाले. आमच्या घरात ते कोणी वाचले नव्हते.

भाची आता दुसऱ्या वर्षाला आहे. त्या वर्षीची फी मी भरली, ते माझे देणे होते असे मी समजतो.

संस्थेने परवानगी दिली आहे, म्हणून सांगतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी शाळेच्या वाचनालयात बसेन. नोटीस आली असेल तर घेऊन या. मी ती वाचून काय लिहिले आहे आणि मुदत कोणती आहे, एवढे सांगेन. पुढचे काम नोंदणी असलेल्या तज्ज्ञाकडेच न्यावे लागेल, आणि नाव मी सुचविणार नाही. तीन नावे कशी मिळवावी आणि तिघांना काय विचारावे, एवढे सांगेन. पासवर्ड आणू नका. कागद मात्र सगळे आणा, डब्यात असतील तेही.